कुंडईत थर्मिक फ्लुइड लाइनचं लॅगिंग बदलून घेतलं, त्या कामाबद्दल

कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात थर्मिक फ्लुइड हीटर आहे, म्हणजे उष्णता वाहून नेणारं तेल तापवणारं यंत्र. तेल साधारण 260 अंश सेल्सिअसवर फिरतं. चतुर्थीच्या शटडाउनमध्ये पंप आणि व्हॉल्व्हजवळचं लॅगिंग (उष्णता अडवणारं आवरण) फोंड्याच्या एका कंत्राटदाराकडून बदलून घेतलं. काम मनासारखं झालं.

आधी सगळीकडे रॉकवूल (दगडापासून केलेली तंतूंची लोकर) होतं. ते स्वतः जळत नाही, म्हणून बऱ्याच जणांना निर्धोक वाटतं. पण ग्लँड (दांड्याभोवतीचं सील) किंवा गॅस्केटमधून (सांध्यातली चकती) थेंब थेंब झिरपलेलं तेल ते समईच्या वातीसारखं ओढून घेतं. तंतूंवर पसरलेल्या तेलाची आतल्या हवेशी हळूहळू प्रक्रिया होत राहते, उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते, आणि डेटाशीटवर छापलेल्या स्वयंप्रज्वलन तापमानाच्या कितीतरी खालीच आत धुमसायला लागतं. अशा वेळी घाईने लॅगिंगवरचा पत्रा उघडला की हवा शिरते आणि भडका उडतो. धूर दिसला तर हीटर बंद करा, लाइन थंड होऊ द्या, अग्निशामक जवळ ठेवा, मगच पत्र्याला हात लावा. हे प्रत्येक शिफ्टच्या ऑपरेटरला ठाऊक असायलाच हवं.

मला आवडलं ते हे, की फोरमनने दर सांगण्याआधी गळतीच्या जागा बघितल्या. वेल्ड केलेल्या सरळ पाइपवर त्याने रॉकवूलच ठेवलं. पंप, व्हॉल्व्ह आणि गेजच्या जागी फोमग्लास (फेसाळ काचेचे ठोकळे) घातलं. त्याची छिद्रं बंद असल्याने तेल मुरत नाही. फ्लँज (पाइपचे बोल्टने जोडलेले सांधे) उघडे ठेवून वर फक्त पत्र्याचे गार्ड. व्हॉल्व्हचे दांडे आडवे करा, म्हणजे ग्लँडमधला थेंब लॅगिंगवर न पडता बाहेर पडेल, हेही त्यानेच सुचवलं. तेलाने भिजलेलं जुनं रॉकवूल शेडमध्ये साठू दिलं नाही.

तक्रार एकच, पण मोठी. पंपाजवळ ब्लॉक कोरडेच बसवले होते. फोमग्लास ठिसूळ असतं, कंपनाने आतून झिजतं. आतून कोटिंग आणि सांध्यांना तापमान सोसणारं सीलंट मागून घ्यावं लागलं. ते त्यांनी कुरकुर न करता केलं. फोमग्लास कापताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो, शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या.

खर्च रॉकवूलपेक्षा बराच जास्त आहे, आणि उष्णता थोडी अधिक वाया जाते म्हणून जाडी वाढवावी लागली. पावसाळ्याआधी क्लॅडिंगचे (बाहेरच्या पत्र्याचे) सांधे तपासायला ते येणार आहेत, त्याचे वेगळे पैसे नाहीत.