बिटकॉइन कोअर: घरी नोड चालवून दोन वर्षं झाली, आता रिव्ह्यू लिहितोय

पहिलंच सांगून टाकतो, नोड (म्हणजे बिटकॉइन कोअर हे सॉफ्टवेअर चालवून बिटकॉइनच्या नेटवर्कला जोडलेला कॉम्प्युटर) चालवून एक दमडी मिळत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये अर्ध्या लोकांना वाटतं कपाटावरचा तो जुना लॅपटॉप रात्रभर पैसे छापतोय, आईला तर अजूनही वाटतं. तो मायनिंग, म्हणजे नवे ब्लॉक बनवून बक्षीस मिळवणं, करत नाही, आलेला प्रत्येक व्यवहार आणि ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) स्वतः तपासतो, नियमात बसला तर पुढे देतो, संपलं. मग रिव्ह्यू कशाचा म्हणाल तर जगातला कुणीही उपटसुंभ नाव-गाव न सांगता दाराशी येऊन धडका मारू शकतो आणि तरी आतलं काम चालू राहतं, हे कोअर लिहिणाऱ्यांनी कसं जमवलंय त्याचा.

इन्स्टॉलेशनवर जास्त लिहीत नाही. ब्लॉकचेन, म्हणजे आजवरच्या सगळ्या ब्लॉकची साखळी, ६०० जीबीच्या वर गेलीय, मी २ टीबीची एसएसडी घेतली, पहिल्या सिंकला, म्हणजे ती सगळी उतरवून तपासायला, चार दिवस लागले. साध्या हार्ड डिस्कवर हा प्रयोग करू नका, पस्तावाल. जागाच नसेल तर प्रूनिंग लावा, जुने ब्लॉक तपासून झाले की टाकून देतो, ५५० एमबीपर्यंत खाली आणता येतं.

खरी गंमत पोर्टपासून सुरू झाली. नोड स्वतःहून आठ पूर्ण कनेक्शन करतो, शिवाय दोन फक्त ब्लॉकसाठी आणि एक अधूनमधून नवे पत्ते चाचपायला, आणि तेवढ्यावर मस्त चालतो. पण बाहेरच्यांनी आपल्याकडे यावं असं वाटत असेल तर ८३३३ पोर्ट, म्हणजे नोडचं नेटवरचं दार, उघडा पाहिजे, आणि माझ्या ब्रॉडबँडवाल्याने सगळ्यांना सीजीनॅटमागे ठेवलेलं, म्हणजे एकच आयपी अनेक घरांत वाटलेला. कस्टमर केअरला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा "सर, गेमिंगसाठी हवंय का?" शेवटी हो म्हटलं. महिन्याला जादा पैसे भरून स्टॅटिक, म्हणजे फक्त माझा असा न बदलणारा, आयपी मिळाला.

पोर्ट उघडल्यावर काही दिवसांतच डबा फुल्ल. डिफॉल्टला एकूण १२५ कनेक्शन, त्यातली आपली अकरा बाजूला काढली की बाहेरच्यांना ११४ जागा. एका रात्री जेवण झाल्यावर नेटइन्फोचा, म्हणजे कोण कोण जोडलंय ते दाखवणारा, स्क्रीन लावून बसलो होतो, बघतो तर एकाच आयपी रेंजमधून नऊ जण, सगळे दहा-पंधरा मिनिटांपूर्वी आलेले, एकानेही ना व्यवहार दिलेला ना ब्लॉक, नुसते बसून. मी वैतागून एकेकाला हाताने बॅन करायला घेतलं, तर तेवढ्यात शेजारच्या रेंजमधून आणखी चार आले. तेव्हा कळलं की हे काम माणसाचं नाही, आणि मग सॉफ्टवेअर काय करतं ते नीट वाचलं.

तर जागा संपल्या आणि नवा पाहुणा आला की हा दार बंद करत नाही, आतल्या कुणाला तरी उठवतो. लग्नाच्या पंगतीसारखं समजा, पण उठवायचं कुणाला याचा हिशोब भारी आहे. आधी काही जणांना हात लावायचा नाही असं ठरतं: ज्यांचा पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) सगळ्यात कमी ते आठ, ज्यांनी नुकतेच नवे व्यवहार दिले ते चार, नुकते ब्लॉक दिले ते चार, आणि वेगवेगळ्या नेटवर्कचे काही. उरलेल्यांतले साधारण निम्मे, जे सगळ्यात जुने बसलेत ते, तेही वाचतात. मग जे राहिले त्यांच्यात कुठल्या रेंजचा घोळका सगळ्यात मोठा आहे ते बघायचं आणि त्यातला सगळ्यात शेवटी आलेला उठवायचा. म्हणजे माझे ते नऊ जण आपापसातच एकमेकांना उठवत बसणार! आणि यातून सुटायचं तर खोटं बोलून चालत नाही, खरंच जवळ असावं लागतं, खरंच ब्लॉक आणून द्यावे लागतात, खरंच दिवसेंदिवस बसून राहावं लागतं. थोडक्यात, हल्ला करायचा तर आधी नेटवर्कची सेवा करा. मला तरी या अख्ख्या सॉफ्टवेअरमधली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

बॅनबद्दलही माझा गैरसमज होता. पूर्वी गडबड करणाऱ्याचे गुण मोजायचे, शंभर झाले की २४ तास बंदी. २०२० पासून त्यांनी ते सौम्य केलं, जागा असेल तर बस म्हणतात, पण उठवायची वेळ आली की पहिला तू. सीजीनॅटमागे वर्ष काढलेल्या माणसाला हे लगेच पटतं, कारण एका घरातल्या उपद्व्यापामुळे त्याच आयपीवरच्या बाकीच्या घरांना कायमचं बाहेर ठेवायचं कशाला.

दुसरा भाग मेमपूलचा, म्हणजे ब्लॉकमध्ये जायची वाट बघणारे व्यवहार. २०१५ मध्ये लोकांनी स्ट्रेस टेस्टच्या नावाखाली फुटकळ व्यवहारांचा असा मारा केला की कमी रॅमचे नोड धडाधड पडले, कारण मेमपूलला मर्यादाच नव्हती. २०१६ च्या ०.१२ व्हर्जनपासून ३०० एमबीची हद्द घातली, भरलं की सगळ्यात कमी फीवाले बाहेर आणि किमान फी आपोआप वर. म्हणजे गर्दी करायची तर गर्दी करणाऱ्यानेच जास्त मोजायचं. मे २०२३ मध्ये बिटकॉइनवरच नवी टोकनं काढणाऱ्यांनी नेटवर्क तुंबवलं तेव्हा हेच चाललं होतं, फी चढली म्हणून बोंबाबोंब झाली ती बरोबरच होती, पण नोड उभे राहिले.

जुलै २०२१ चा किस्साही असाच. नोड एकमेकांना इतर नोडचे पत्ते सांगत असतात, तर कुणीतरी नेटवर्कभर बनावट आयपी पत्त्यांचा पाऊस पाडला, दहा-दहाच्या पुड्यांमध्ये, कारण तेवढ्या छोट्या पुड्या नोड पुढे पाठवतात हे त्याला माहीत होतं. त्यानंतरच्या २२.० व्हर्जनमध्ये प्रत्येक पीअरला (जोडलेल्या नोडला) सरासरी दहा सेकंदाला एक पत्ता एवढाच रेशन ठेवलाय. बाकीचा कचरा गिळून टाकतो.

आता तक्रारी. एक, हे सगळं सॉफ्टवेअरच्या आतलं संरक्षण आहे, तुमची लाईनच कुणी ट्रॅफिकने भरून टाकली तर हा बिचारा काही करू शकत नाही, आणि घरचा आयपी उघडा पडतो तो पडतोच. मी शेवटी बाहेरची सगळी ये-जा टॉर या आयपी लपवणाऱ्या नेटवर्कवरून वळवली, थोडं स्लो आहे पण शांत झोप लागते. दोन, अपलोडला डिफॉल्टला काहीच मर्यादा नाही! नव्या नोडला अख्खी चेन आपल्याकडून घ्यायची मुभा, एका महिन्यात माझा एफयूपी वीस तारखेलाच संपला आणि घरात मॅच बफर व्हायला लागल्यावर जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. एवढी सगळी हुशारी केली तर पहिल्यांदा चालू करताना एक प्रश्न विचारायला काय झालं होतं?

तीन, अपडेटचा आळस करू नका. सप्टेंबर २०१८ मध्ये एक बग सापडला, एकाच व्यवहारात तेच नाणं दोनदा खर्च करणारा ब्लॉक आला की नोड क्रॅश, आणि कळवला कुणी तर चक्क बिटकॉइनमधून फुटून निघालेल्या बिटकॉइन कॅशच्या बाजूच्या डेव्हलपरने. आधी फक्त नोड पाडायचा बग म्हणून घाईघाईत ०.१६.३ काढलं, मागाहून जाहीर केलं की ०.१५ पासूनच्या व्हर्जनमध्ये त्यातून हवेतून नाणी तयार करता आली असती. बिटकॉइनच्या खऱ्या नेटवर्कवर कुणी वापरला नाही हे नशीब. नोड आपोआप अपडेट होत नाही, मुद्दामच तसं ठेवलंय, आणि मला ते पटतं, पण कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावा.

पाचपैकी सव्वाचार. पाऊण मार्क अपलोडचा कापला. मी मॅक्सअपलोडटार्गेट, म्हणजे अपलोडला मर्यादा घालायची सेटिंग, दिवसाला २० जीबीवर ठेवलंय, तेवढं झालं की जुने ब्लॉक देणं थांबवतो, नवे चालूच राहतात, आणि मॅच पण.