न्यूटनचं सफरचंदाचं झाड, वूल्सथॉर्प मॅनर: ५ पैकी ५

मे महिन्यातल्या बँक हॉलिडेला मुलांना घेऊन लिंकनशायरमधल्या वूल्सथॉर्प मॅनरला जाऊन आलो, ग्रँथमपासून जवळच आहे. न्यूटनचा जन्म झाला ते हे घर, आणि पुढे बागेत ते सफरचंदाचं झाड. घर छानच आहे पण माझे पाचही स्टार झाडाला.

मला वाटलेलं मूळ झाड कधीच गेलं असणार, एखादं कलम दाखवत असतील. पण नाही हो, तेच झाड आहे! १८२० च्या वादळात ते आडवं झालं, पण मुळं पूर्ण सुटली नव्हती, मग पडलेल्या खोडालाच परत फुटवे आले आणि झाड पुन्हा वाढलं. त्यामुळे नुसता सेल्फी काढून निघू नका, खाली वाकून बुंधा बघा, बघतच राहाल. वय साडेतीनशेच्या वर आणि आम्ही गेलो तेव्हा पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरलेलं, मी तर पाच मिनिटं काही बोललोच नाही. भोवती बुटकं कुंपण आहे, आत जाऊ देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, एवढ्या लोकांच्या पायांनी मुळांवरची माती दाबली गेली तर झाड जगायचं कसं.

१६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज बंद पडलं म्हणून २२ वर्षांचा न्यूटन इथे घरी आला होता. सफरचंद डोक्यात पडलं वगैरे सोडा, ते पडताना बघून विचार सुरू झाला असं त्याने म्हातारपणी स्टकली नावाच्या मित्राला सांगितलंय. फळ 'फ्लॉवर ऑफ केंट' जातीचं, म्हणजे शिजवून खायचं सफरचंद.

हे घर नॅशनल ट्रस्ट ही वारसा जपणारी संस्था सांभाळते, तिचे मेंबर असाल तर तिकीट लागत नाही. मुलांना स्वतः हात लावून करायचे प्रयोग आहेत, दोन-तीन तास सहज जातात. फुलं बघायची तर मे, फळं बघायची तर सप्टेंबर.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत नारळीकर सरांनी याच झाडाच्या वंशातली रोपं लावली होती, बाबांनी लहानपणी मला तिथे नेलेलं. म्हणून कुंपणाशी उभं राहून आधी बाबांनाच व्हिडिओ कॉल लावला, तर म्हणाले कॅमेरा जरा बुंध्याकडे ने, नीट बघू दे.