अल्गोनक्विनच्या कनू लेकवर अर्धा दिवस : भाड्याची कनू, वारा आणि योग्य वेळ

कॅनडातल्या टोरांटोहून उत्तरेला मोटारीने सुमारे तीन तासांवर असलेल्या अल्गोनक्विन प्रांतीय उद्यानात कनू लेक या सरोवराच्या धक्क्यावरच कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, उघडी होडी, भाड्याने मिळते. ज्यांनी पूर्वी कधी वल्हे हातात धरलेले नाही, अशांनाही ती घेऊन अर्ध्या दिवसात जंगलाच्या आत शिरून सुखरूप परत येता येते. भाड्याने मिळणारे सामान चांगले असते, जागा अप्रतिम आहे आणि खर्चाच्या मानाने मिळणारा अनुभव फार मोठा आहे. शांतता मात्र त्या भाड्यात धरलेली नसते. ती हवी असेल तर दिवस, निघण्याची वेळ आणि पाण्यावरची दिशा या तीन गोष्टी घरून ठरवून निघावे लागते. येथून निराश होऊन परतणारी बहुतेक मंडळी याच तीन गोष्टी तेथे पोहोचल्यावर ठरवू, अशा समजुतीने गेलेली असतात, असे मला वारंवार दिसले आहे.

अल्गोनक्विन उद्यानाची स्थापना 1893 साली झाली आणि त्याचे क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. या अफाट जंगलाच्या दक्षिण भागातून महामार्ग क्रमांक 60 सुमारे 56 किलोमीटर जातो आणि रस्त्यावरची सगळी ठिकाणे पश्चिम प्रवेशद्वारापासून मोजलेल्या किलोमीटरांनी ओळखली जातात. कनू लेकचा फाटा चौदाव्या किलोमीटरवर आहे. दिवसभराचा वाहन परवाना पाच दिवस आधीपासून ऑनलाइन काढता येतो आणि तो काढूनच निघावे. सप्टेंबरअखेर, मेपलची झाडे लाल होऊ लागली की शनिवार-रविवारचे परवाने संपून जातात आणि मग तीन तासांचा प्रवास करून प्रवेशद्वारावरून परतण्याची वेळ येते. भारतातून आलेले आई-वडील सोबत असतील, तर वाटेत हंट्सव्हिल गावी थांबून पाय मोकळे करावेत आणि शक्य असल्यास आदल्या रात्रीचा मुक्कामही तेथेच करावा, कारण या सहलीचे यश सकाळी लवकर पाण्यावर असण्यावर अवलंबून आहे.

भाड्याची कनू घेताना पहिला प्रश्न ती कशाची बनवलेली आहे, हा विचारावा. केव्हलार या हलक्या पण मजबूत कृत्रिम धाग्याची सोळा-सतरा फुटी कनू वीस किलोच्या आसपास भरते, तर त्याच लांबीची ॲल्युमिनियमची कनू तीस किलोहून जड असते. केव्हलारचे भाडे थोडे जास्त पडले, तरी वाटेत कनू उचलून न्यायची असेल तेव्हा त्या पैशांचे पूर्ण मोल मिळते. सरोवरावरच फिरून परतायचे असेल, तर जड कनू काहीही वाईट नाही. उलट ती खडकावर घासली तरी जिवाला घोर लागत नाही. त्यानंतर वल्ह्याकडे पाहावे. धक्क्यावर रांगेत उभी केलेली सर्व वल्ही एकाच लांबीची नसतात. वल्हे जमिनीवर उभे धरल्यावर त्याची मूठ साधारण हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यावी. लांब वल्ह्याने अर्ध्या तासात खांदे भरून येतात आणि मग दोष कनूला दिला जातो.

कॅनडाच्या कायद्याप्रमाणे कनूत प्रत्येक माणसासाठी त्याच्या मापाचे लाइफ जॅकेट, किमान 15 मीटर लांबीची तरंगणारी दोरी, पाणी उपसण्याचे साधन आणि शिट्टी एवढे सामान असावे लागते. हे सर्व बहुधा एका छोट्या डब्यात घालून भाड्याबरोबरच मिळते. तरीही निघण्यापूर्वी डबा उघडून पाहण्याची सवय लावावी. मोठ्या माणसांनी जॅकेट केवळ जवळ बाळगले तरी कायद्याचे समाधान होते, पण माझ्या मते ते अंगात घालून पट्टे ओढून घेतल्याखेरीज धक्का सोडूच नये. लहान मुलाचे जॅकेट खांद्यापाशी धरून वर उचलून पाहावे. ते कानांपर्यंत सरकले तर माप मोठे आहे, आणि दुसरे मागून घेण्यात संकोच करू नये. धक्क्यावरची तरुण मुले-मुली हे काम आनंदाने करतात, मात्र गर्दीच्या दिवशी त्यांच्यापाशी वेळ थोडा असतो, म्हणून आपले प्रश्न आपणच विचारले पाहिजेत.

कनूत चढताना शरीर वाकवून, दोन्ही काठांना धरून, पाऊल बरोबर मध्यभागी टाकायचे असते. उभे राहून फोटो काढण्याचा मोह ज्यांना आवरत नाही, त्यांनी तो फोटो धक्क्यावरच काढून घ्यावा. अधिक वजनाच्या आणि थोड्याफार अनुभवी माणसाने मागे बसावे, कारण दिशा मागचा माणूस सांभाळतो. पुढच्याने तालात वल्हवायचे आणि पाण्याखालचे खडक पाहून सांगायचे. लहान मूल किंवा सामान मध्यभागी, तळाशी असावे. नवशिक्यांची कनू नागमोडी जाते, याचे कारण साधे आहे: मागचा माणूस ज्या बाजूला वल्हे मारतो, तिच्या विरुद्ध बाजूला कनूचे तोंड वळत राहते. प्रत्येक फटकाऱ्याच्या अखेरीस वल्ह्याचे पाते पाण्यातच फिरवून बाहेरच्या बाजूला हलकेच ढकलले, की हा बाक दुरुस्त होतो आणि दर दोन फटकाऱ्यांनी बाजू बदलण्याची धावपळ थांबते. धक्क्याजवळच्या खाडीसारख्या भागात दहा-पंधरा मिनिटे हा सराव करून मगच पुढे जावे. पाण्यावरचे चार तास त्यामुळे सुखाचे होतात.

आता वाऱ्याविषयी. कनू लेक साधारण दक्षिणोत्तर पसरलेले आहे आणि धक्का त्याच्या दक्षिण टोकाला आहे. उन्हाळ्यातल्या सकाळी पाणी बहुधा आरशासारखे असते. ऊन तापले की वारा उठतो आणि दुपारी मोकळ्या भागात लाटांचे पांढरे तुरे दिसू लागतात. रिकामी, हलकी कनू अशा वाऱ्यात पानासारखी भरकटते, आणि दमलेल्या, अननुभवी माणसांना परतीचा अर्धा तास दोन तासांचा होऊ शकतो. म्हणून सकाळी दुकान उघडताच निघावे, हे पहिले. दुसरे असे की, हवामानाचा अंदाज पाहताना पावसाकडे जेवढे लक्ष देतो, त्याहून अधिक वाऱ्याच्या दिशेकडे द्यावे. उत्तरेचा वारा असेल तर जाताना कष्ट होतील आणि येताना तोच वारा पाठीशी असेल, ही परिस्थिती चांगली. दक्षिणेचा वारा मात्र जाताना फसवतो; हात न दुखवता आपण फार लांब जातो आणि परतताना तो समोर उभा असतो. अशा दिवशी अर्ध्या वाटेवरून वळावे. पश्चिमेचा वारा असेल तर पश्चिम किनाऱ्याच्या आडोशाने जावे आणि कोणत्याही वाऱ्यात सरोवराच्या मधोमध न राहता किनाऱ्यालगत राहावे. किनाऱ्यालगत पाहण्यासारखेही अधिक असते: पाण्यावर झुकलेले देवदारवर्गीय वृक्ष, पडलेल्या ओंडक्यांवर ऊन घेणारी कासवे, आणि एखाद्या वेळी बिव्हर या पाण्यात राहणाऱ्या प्राण्याने फांद्या रचून केलेले घर.

अर्ध्या दिवसासाठी मी सुचवीन तो मार्ग उत्तरेचा. धक्क्यापासून वल्हवीत निघाले, की किनाऱ्यावर जुन्या भाडेपट्ट्यांवरची खासगी घरे आणि मुलांची उन्हाळी शिबिरे दिसतात. त्यांतले आह्मेक हे मुलांचे शिबिर 1921 साली सुरू झाले आणि वापोमियो हे मुलींचे शिबिर 1924 साली. या वस्तीमुळे कनू लेकवर मोटारबोटींना परवानगी आहे आणि त्यांच्या लाटा आडव्या अंगावर न घेता कनूचे तोंड लाटेकडे वळवून घ्यायचे असते. जे केवळ निर्जन अरण्याची अपेक्षा घेऊन येतात, त्यांचा पहिल्या अर्ध्या तासात थोडा विरस होतो. पण त्यांनी धीर धरावा, कारण सरोवराच्या उत्तर भागात हेहर्स्ट पॉइंट हे ठिकाण आहे, आणि माझ्या दृष्टीने या संपूर्ण सहलीचे ते हृदय आहे.

टॉम थॉमसन हा चित्रकार 1912 साली प्रथम या उद्यानात आला आणि पुढील प्रत्येक वर्षी येत राहिला. तो येथे वाटाड्या म्हणून आणि वणवारक्षक म्हणून काम करी, आणि वहीच्या पानाएवढ्या लाकडी फळ्यांवर, उघड्यावर बसून, तैलरंगांत चित्रे काढी. आपण ज्या पाण्यावरून वल्हवीत आलो, त्याच पाण्यावर 8 जुलै 1917 रोजी तो आपल्या कनूतून निघाला आणि परतला नाही. त्याचा मृतदेह 16 जुलैला या सरोवरातच सापडला. तेव्हा त्याचे वय 39 वर्षांचे होते. मृत्यू कसा झाला, यावर शंभर वर्षांनंतरही वाद चालतात. मला त्या वादापेक्षा त्याचे काम मोठे वाटते. त्याच्यासोबत या जंगलात हिंडलेल्या चित्रकारांपैकी काहींनी 1920 साली ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ हा गट स्थापन केला आणि उत्तरेचे खडक, वाकडे पाइन वृक्ष व थंड पाणी हा कॅनडाच्या चित्रकलेचा विषय बनला. हेहर्स्ट पॉइंटवर 1930 साली उभारलेले दगडी स्मारक आहे आणि त्याच्याजवळ एक टोटेम स्तंभ, म्हणजे आकृत्या कोरलेला उंच लाकडी खांब, आहे. कनू किनाऱ्याला बांधून छोटी चढण चढावी लागते. वर उभे राहून सरोवराकडे पाहिले, की येथे एवढा रंग कोठून आला, हा प्रश्न उरत नाही. सप्टेंबरअखेरच्या स्वच्छ सकाळी तर मुळीच नाही.

तेथून आणखी थोडे उत्तरेला गेले, की धरणाच्या बाजूने जो लेककडे जाणारी 295 मीटरची पायवाट लागते. दोन सरोवरांमध्ये कनू खांद्यावर घेऊन चालत जाण्याच्या अशा वाटेला येथे पोर्टेज म्हणतात आणि तिच्या तोंडाशी पिवळी पाटी असते. वाट रुंद व सपाट असल्यामुळे नवशिक्यांनाही जमते. कनूच्या मधल्या आडव्या लाकडाला खांद्यांसाठी खाचा असतात, पण सवय नसेल तर दोघांनी दोन टोकांना धरून न्यावी. जो लेकवर गेल्यावर गजबज निश्चितपणे कमी होते. आज येथे इतकी शांतता असली, तरी 1896 साली पूर्ण झालेला जे. आर. बूथ या लाकूडव्यापाऱ्याचा रेल्वेमार्ग याच काठाने जात होता आणि जो लेकला स्थानकही होते. पाण्यावर लून पक्षी दिसला तर वल्हे थांबवावे व त्याच्याकडे सरकू नये. लाल डोळ्यांचा, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा हा पक्षी कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर 1987 पासून आहे, आणि त्याची पिल्ले आईबापांच्या पाठीवर बसून फिरतात. धक्क्यापासून जो लेकपर्यंत संथपणे वल्हवत, स्मारकाशी थांबत, दोन तास लागतात असे धरावे. म्हणजे चार तासांच्या सहलीत येथून लगेच वळायला हवे, आणि ज्यांना येथे बसून जेवायचे आहे त्यांनी सरळ पूर्ण दिवसाचे भाडे भरावे.

मे महिन्यात जाऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो. बर्फ नुकताच वितळलेला असतो आणि पाणी इतके थंड असते की, पट्टीच्या पोहणाऱ्याचाही श्वास काही क्षणांत कोंडतो. शिवाय मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत चावणाऱ्या काळ्या माश्यांचा आणि त्यामागोमाग डासांचा काळ असतो. हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकलेले आणि कडेच्या डबक्यांत उतरलेले मीठ चाटायला येणारी मूस ही प्रचंड हरणे मात्र याच दिवसांत दिसतात, पण त्यांच्यासाठी मोटारीतून रस्त्याने फिरणे पुरे. कनूसाठी जुलैचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचा मध्य हा काळ उत्तम, आणि त्यातही मंगळवार-बुधवारसारखा आठवड्याचा मधला दिवस.

ज्येष्ठ मंडळींना नेताना गुडघ्यांचा विचार करावा, कारण कनूतले आसन पाठीला टेका देत नाही. काही दुकानांत टेक्याची सुटी खुर्ची भाड्याने मिळते, ती घ्यावी. खाण्यासाठी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी असे कोरडे पदार्थ पाणी न शिरणाऱ्या पिशवीत न्यावेत. उद्यानाच्या आतल्या भागात वापरून टाकून द्यायचे पत्र्याचे डबे व काचेच्या बाटल्या नेण्यास मनाई आहे, त्यामुळे लोणच्याची बरणी मोटारीतच ठेवावी. सरोवराचे पाणी कितीही निर्मळ दिसले तरी उकळल्या-गाळल्याशिवाय पिऊ नये. मोबाइलवर भरवसा न ठेवता ‘फ्रेंड्स ऑफ अल्गोनक्विन पार्क’ या संस्थेचा कनूमार्गांचा छापील नकाशा घ्यावा. त्यात सरोवरे, मुक्कामाच्या जागा आणि प्रत्येक पोर्टेजची मीटरमधली लांबी दिलेली असते.

ज्यांना मोटारबोटी अजिबात नको असतील, त्यांनी याच महामार्गावर पुढे जाऊन ओपियोंगो रस्त्याजवळच्या कॉस्टेलो क्रीक या ओढ्याचा विचार करावा. तेथील पाणी अरुंद, आडोशाचे आणि मूस दिसण्यासाठी प्रसिद्ध आहे. ओपियोंगो हे मोठे सरोवर मात्र नवशिक्यांनी टाळावे, कारण तेथे वाऱ्याला रोखणारे काहीच नाही. बाकी सर्वांसाठी, विशेषतः पहिल्यांदाच कनूत बसणाऱ्या कुटुंबांसाठी, माझी निवड कनू लेकचीच आहे: सकाळी धक्क्यावर पहिल्या काहींत असावे, केव्हलारची कनू मागावी, किनारा धरून उत्तरेला जावे आणि वारा उठण्यापूर्वी वळावे.