पंपासाठी चार स्क्वेअरची केबल: एक पावसाळा काढल्यावर

ठिकाण गुहागर, किनाऱ्यालगतची नारळ-सुपारीची वाडी. मीटर ते विहीर 100 मीटर, 1.5 एचपीचा सिंगल फेज मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच सांगाड्यात), चालू असताना 10 अँपिअर. जुनी अडीच स्क्वेअर (प्रत्येक तारेत तांब्याचा छेद अडीच चौरस मिलिमीटर) काढून तीन कोअरची, म्हणजे आत तीन तारा असलेली, चार स्क्वेअर फ्लेक्सिबल कॉपर टाकली. केबल चांगली आहे, फक्त कॅटलॉगमधला आकडा नीट वाचायला हवा.

तिथे तारेचा रोध असतो 4.95 ओहम प्रति किलोमीटर (अडीचला 7.98). हा आकडा 20 अंशांचा आणि एकाच तारेचा. करंट फेजने जातो नि न्यूट्रलने परततो, म्हणून 200 मीटर धरायचे: 0.99 ओहम, 10 अँपिअरला 9.9 व्होल्ट वाटेतच घटतात, हाच ड्रॉप. तांब्याचा रोध अंशामागे 0.39 टक्के वाढतो. चिऱ्याच्या गडग्यावर उन्हात 45 अंशांपर्यंत तापलेल्या केबलला ड्रॉप 11 पडतो, अडीचला साडेसतरा. खरा फरक स्टार्टिंगला. तेव्हा करंट चौपट झाला तर इथे 40 व्होल्ट पडतात, अडीचला 64. संध्याकाळी मीटरपाशीच 205 असले की अडीचवर मोटर नुसती गुणगुणते.

घेताना जाडीवर जाऊ नका, जाड पीव्हीसी फसवतं. मल्टिमीटरची ओहम रेंजही इथे कुचकामी, त्याच्या वायरीच 0.2-0.3 दाखवतात. 12 व्होल्टची बॅटरी, 55 वॅटचा हेडलाइट बल्ब आणि गुंडाळीतली एक कोअर सिरीजमध्ये जोडा. करंट मोजा, कोअरच्या दोन टोकांमधले व्होल्ट मोजा, भागा. 100 मीटरला 30 अंशांत 0.51 ओहमच्या आसपास हवेत. 0.6 आले तर तांबं कमी आहे, परत करा.

पावसाळ्यानंतर त्याच लोडला ड्रॉप 14 झाला. केबल तीच, मग वाढले कुठे? पंप चालू ठेवून एक प्रोब तारेच्या तांब्यावर, दुसरा टर्मिनलच्या पितळी बोल्टवर धरला (रबरी हातमोजे हवेतच): न्यूट्रलला 3 व्होल्ट. चांगल्या जॉइंटला काही मिलिव्होल्टच दिसतात. 3 व्होल्ट गुणिले 10 अँपिअर म्हणजे 30 वॅट, एका स्क्रूवर! खारी हवा तारांच्या पिळातून पीव्हीसीच्या आतवर शिरते, तांबं काळं पडतं. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा, कल्हईचा लग (तारेच्या टोकावर दाबून बसवायचा धातूचा तुकडा) योग्य क्रिंपिंग टूलने दाबा, वर गोंदवाली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी). इन्सुलेशन टेप इथे एक पावसाळाही टिकत नाही.

ॲल्युमिनियम स्वस्त म्हणून घ्यायची तर एवढ्याच ड्रॉपला किमान 6 स्क्वेअर (4.61 ओहम) लागते, आणि पितळी टर्मिनलला बायमेटॅलिक लग (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं).