सेव्हिसची फी साइट आणि पोर्टल: बडोद्याहून अमेरिकेला निघालेल्यांसाठी

अमेरिकेत शिकायला जाण्याआधी सेव्हिसची फी भरावी लागते; ती भरायला एफएमजेफी डॉट कॉम (fmjfee.com) ही साइट आहे. कागद हाताशी असले तर पंधरा मिनिटांत काम होतं. तरीही अलकापुरी-सयाजीगंज भागात व्हिसाचं काम करणाऱ्यांकडे हाच फॉर्म भरून घ्यायला वेगळे पैसे मोजणारे पालक आहेत. गरज नाही. विद्यापीठाकडून आलेला आय-२० (प्रवेशाचा अधिकृत कागद), पासपोर्ट आणि एक कार्ड पुरतं.

सेव्हिस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची आणि एक्स्चेंजवर जाणाऱ्यांची अमेरिकी सरकारची संगणकीय नोंदवही. २००३ पासून ती सक्तीची आहे. तिचा खर्च विद्यार्थ्यांच्या फीमधून निघतो: एफ-१ (विद्यार्थी) व्हिसासाठी ३५० डॉलर, बहुतेक जे-१ (एक्स्चेंज) व्हिसांसाठी २२०. हे दर जून २०१९ पासूनचे. व्हिसाच्या अर्जाचे १८५ डॉलर वेगळे. दोन्ही एकच समजून एक भरायची राहिली, अशी गफलत सर्रास होते. नवरा-बायको किंवा मुलं एफ-२ या कुटुंबीयांच्या व्हिसावर जात असतील तर त्यांना ही फी नाही.

साइटच्या नावात सरकारी शेपूट नाही, म्हणून काहींना ती बनावट वाटते. ती खरी आहे. पण नावाशी मिळत्याजुळत्या साइटही निघतात, तेव्हा सर्चमधल्या पहिल्या दुव्यावर दाबू नका, पत्ता स्वतः टाइप करा.

आता फॉर्म. आय-२० च्या पहिल्या पानावर वर डावीकडे सेव्हिस क्रमांक असतो: एन आणि पुढे दहा आकडे. शाळेचा कोड त्याच पानावर विद्यापीठाच्या माहितीच्या चौकटीत, मंजुरीच्या तारखेला चिकटून छापलेला असतो. तीन अक्षरं, २१४, मग एफ आणि पुढे आठ आकडे. एफनंतरचं सगळं आकड्यांत असतं, तिथे शून्याऐवजी ओ अक्षर दाबलं तर साइट कोड घेत नाही आणि माणूस विद्यापीठाला दोष देत बसतो. दुसरा सापळा जन्मतारखेचा. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. ५ ऑगस्टला जन्मलेल्याने सवयीने ०५/०८ लिहिलं की तो ८ मेचा होतो. साइट तक्रार करत नाही, कारण ८ मे हीसुद्धा खरीच तारीख आहे. पुढे पावती शोधताना सेव्हिस क्रमांक, आडनाव आणि जन्मतारीख विचारतात, तेव्हा ती सापडत नाही.

आपल्या नावांचा घोळ याहून मोठा. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात मुलाचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात. विद्यापीठाच्या अर्जात मात्र मुलाने फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव लिहिलेलं असतं, आणि आय-२० तसाच येतो. फी भरण्याआधी पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा. फरक असला तर विद्यापीठाच्या डीएसओला मेल करून आय-२० दुरुस्त करून घ्या आणि मगच पैसे भरा. हा डीएसओ म्हणजे सेव्हिसमध्ये नोंदी करण्याचा अधिकार असलेला विद्यापीठाचा माणूस. विद्यार्थ्याला तो अधिकार नाही.

कार्ड नाकारलं गेलं तर बहुतेक वेळा दोष साइटचा नसतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवं कार्ड देशातल्या वापरापुरतंच चालू मिळतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू करा, मर्यादा वाढवा, मग पुन्हा प्रयत्न करा. व्हिसाच्या मुलाखतीच्या किमान तीन कामकाजाचे दिवस आधी पैसे जमा व्हायला हवेत. मुंबईची गाडी पकडण्याच्या आदल्या रात्री भरू नका. पावती लगेच छापा. ती नंतरही त्याच साइटवर मिळते, ही सोय खरोखर चांगली आहे.

आणखी एक चांगली गोष्ट एजंट सहसा सांगत नाहीत. व्हिसा नाकारला गेला आणि त्याच प्रकारच्या व्हिसासाठी बारा महिन्यांत पुन्हा अर्ज केला, तर फी पुन्हा लागत नाही. व्हिसाआधी विद्यापीठ बदललं तर भरलेली फी नव्या आय-२० च्या क्रमांकावर वळवून मागता येते.

सेव्हिसचं विद्यार्थ्यांसाठीचं पोर्टल २०१८ मध्ये आलं, तेही फक्त ओपीटीवर, म्हणजे पदवीनंतर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर असणाऱ्यांसाठी. त्यात पत्ता, फोन आणि कंपनीची माहिती भरता येते; बदल झाला की दहा दिवसांत. नोंदणीचा दुवा मेलने येतो आणि इथेच बरेच जण अडकतात. सेव्हिसमध्ये कॉलेजचा मेल असतो, पदवीनंतर तो बंद होतो आणि दुवा त्यातच राहतो. पदवीआधीच डीएसओकडून स्वतःचा मेल घालून घ्या. ओपीटीच्या पहिल्या वर्षात बेरोजगारीचे ९० दिवसच चालतात आणि ते ओपीटी सुरू झाल्याच्या तारखेपासून मोजले जातात. नोकरी लागली पण पोर्टलवर नोंदवली नाही, तर ते दिवसही बेरोजगारीत धरले जाण्याचा धोका आहे.

या यंत्रणेचं सगळ्यात मोठं न्यून हे की शिकत असताना ज्याची नोंद आहे त्यालाच ती बघता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी सरकारने परस्पर रद्द केल्या. विद्यापीठांच्या कर्मचाऱ्यांनी सेव्हिस उघडून पाहिलं तेव्हा कितीतरी मुलांना कळलं. कोर्टात दावे गेल्यावर महिनाअखेरीस नोंदी पूर्ववत करायला सुरुवात झाली. ज्या नोंदीवर मुलाचं तिथलं राहणं अवलंबून आहे, ती त्याला घरबसल्या वाचता न येणं हा अन्याय आहे. फी घेताना ३५० डॉलर आणि बघायला एक पानही नाही, हे बदलायलाच हवं.

तोवर दर सत्राला डीएसओला मेल करून नोंद 'अ‍ॅक्टिव्ह' आहे ना हे लेखी विचारा, आणि आजवरचे सगळे आय-२० जपून ठेवा, जुने झाले म्हणून फाडू नका. आय-२० च्या दुसऱ्या पानावरची, अमेरिकेत परत शिरताना लागणारी डीएसओची प्रवासाची सही एक वर्ष चालते, ओपीटीवर असाल तर सहाच महिने. दिवाळीला बडोद्याला यायचं तिकीट काढण्याआधी त्या सहीची तारीख बघा.