एअर रायफलचा स्टॉक: बीच, लॅमिनेट की अॅल्युमिनियम?

१० मीटर एअर रायफल घ्यायची ठरली की घरातली चर्चा कंपनीवरून सुरू होते. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ की आनश्युट्झ? या तिन्हींच्या मॅच रायफली शिकंज्यात पकडून झाडल्या तर पेलेट (छर्रे) जवळजवळ एकाच भोकातून जातात. गुण गळतात ते रायफल आणि अंग जिथं भेटतं तिथं: गाल, खांदा, उजव्या हाताची पकड आणि सगळ्यात जास्त डाव्या हातावर टेकणारा फोरएंड, म्हणजे स्टॉकचा पुढचा भाग. (डावखुऱ्यांनी बाजू उलटून वाचावं.) म्हणून इथं तुलना कंपन्यांची नाही, स्टॉकची आहे, म्हणजे बॅरल ज्यावर बसते त्या लाकडी किंवा धातूच्या सांगाड्याची. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरचा पाऊस आणि माणचा कोरडा उन्हाळा असताना स्टॉक कशाचा आहे याला पुण्या-मुंबईपेक्षा सातारा-सांगलीत जास्त महत्त्व आहे.

आधी उंची

दुकानदार स्टॉकचा रंग दाखवतो, आपण फोरएंडची उंची विचारावी. उभ्या पोझिशनमध्ये डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं, त्यावर हात खांबासारखा उभा राहतो आणि त्यावर रायफल बसते. कोपरापासून डोळ्यापर्यंतचं अंतर जास्त आणि हात आखूड असला तर रायफल खाली राहते. मग नेमबाज एक तर कोपर कमरेवरून उचलतो, नाही तर मान वाकवतो. कोपर उचललं की वजन हाडांवरून स्नायूंवर येतं, आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉट्सना ७५ मिनिटं असतात. पहिल्या दोन सीरिज (दहा-दहा शॉट्सच्या) बऱ्या जातात आणि मग घसरण सुरू होते. कोच ‘स्टॅमिना कमी’ म्हणतात, पण बऱ्याचदा कमी असतो तो फोरएंडखालचा दीड-दोन सेंटिमीटर.

तपासायला नवी रायफल लागत नाही, क्लबची चालते. रायफल रिकामी, लोडिंगचा बोल्ट उघडा, सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण) लावलेला. जॅकेट आणि शूटिंग शूज घालूनच उभं राहायचं, कारण दोन्हींमुळे उंची आणि कोपराची जागा बदलते. आधी बटप्लेट, म्हणजे स्टॉकच्या मागच्या टोकाची पट्टी, खांद्यात नीट बसवायची, ती चुकली तर पुढचं सगळं माप चुकतं. डोळे मिटून अंग सैल सोडायचं, तीन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. फ्रंट साइट टार्गेटच्या खाली दिसत असेल तर फोरएंडखाली ६ मिमी प्लायवूडचा तुकडा मास्किंग टेपनं लावून पुन्हा तेच. एका वेळी एकच तुकडा. दोन-तीन दिवस सलग तेवढेच तुकडे लागले की तो आकडा लिहून ठेवा. खरेदीच्या वेळी तोच उपयोगी पडतो.

मर्यादा मात्र आहे. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या नियमानुसार एअर रायफलमध्ये बॅरलच्या मध्यरेषेपासून फोरएंडच्या तळापर्यंत जास्तीत जास्त १२० मिमी चालतात आणि रायझर (उंची वाढवायला फोरएंडखाली लावतात तो ठोकळा) धरूनच ते मोजतात. बॅरलच्या वरच्या कडेपासून रायझरच्या तळापर्यंत व्हर्नियरनं मोजा आणि त्यातून बॅरलचा अर्धा व्यास वजा करा. तळहाताला बसेल असा उंचवटा, म्हणजे पामरेस्ट, या प्रकारात चालत नाही. घाम येतो म्हणून फोरएंडला किंवा ग्रिपला पकड वाढवणारी टेप चिकटवणंही नियमाबाहेर आहे. सांगलीच्या मे महिन्यात हा मोह होतो, आणि इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे स्पर्धेआधीच्या साहित्य तपासणीत, नेमकं तेच बोटाला लागतं.

बीच आणि अक्रोड

क्लबच्या रायफलींत बीच हे लाकूड जास्त दिसतं, कारण ते स्वस्त, टणक आणि दणकट असतं. दोष एकच, पण आपल्याकडे तोच नडतो. बीच ओलावा पटकन घेतं आणि फुगतं, अक्रोडापेक्षा जास्त. लाकडातला ओलावा ४ टक्क्यांनी वाढला तर ४५ मिमी रुंदीचा भाग सुमारे अर्धा मिलिमीटर फुगतो. लांबीत जवळजवळ फरक पडत नाही, आडवा पडतो. टार्गेटवरचा दहाचा ठिपकाही अर्ध्या मिलिमीटरचाच असतो. फुगणं म्हणजे तेवढा नेम सरकणं असं सरळ गणित नाही, पण अॅक्शन (बॅरल आणि ट्रिगर जोडलेला यंत्रणेचा भाग) ज्या लाकडावर बसते तिथला दाब बदलतो, आणि जुलैतलं झिरो (साइट जुळवून पक्का केलेला नेम) नोव्हेंबरात जागेवर राहीलच असं नाही.

होतं असं: पावसाळ्यात लाकूड फुगतं, स्टॉकचे बोल्ट घट्ट लागतात आणि त्यांच्याखालचे तंतू दबतात. दिवाळीनंतर लाकूड सुकून आकसतं आणि तेच बोल्ट सैल पडतात. नेमबाज पेलेटचा लॉट बदलतो, डायॉप्टर (मागची साइट) उघडतो, बॅरल साफ करतो. बोल्टकडे सगळ्यात शेवटी बघतो. मिरजेच्या सतारमेकरांना यात नवल वाटणार नाही. लाकूड मुरवल्याशिवाय ते वाद्याला लावत नाहीत, आणि ऋतू बदलला की सुरावर काय होतं हे त्यांना कानानं कळतं. आपल्याला ते ग्रुपवरून, म्हणजे टार्गेटवरची भोकं किती जवळ पडतात त्यावरून, ओळखावं लागतं.

उपाय सोपे आहेत. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला टॉर्क (बोल्ट आवळायचा जोर) बघा आणि जूनच्या सुरुवातीला, सप्टेंबरअखेर आणि जानेवारीत तेवढाच लावा. सायकलवाले वापरतात तो छोटा टॉर्क रेंच पुरतो, मनगटाच्या अंदाजावर जाऊ नका. स्टॉकच्या आतल्या खाचेत पॉलिश आहे का ते पाहा. बाहेर चकचकीत आणि आत कोरं लाकूड असं अनेकदा निघतं. तिथं पॉलियुरेथेनचे दोन पातळ हात द्या, मात्र अॅक्शन जिथं टेकते ती जागा सोडून. तिथं थर चढला की बैठकच बदलते.

लाकडाची एक गोष्ट दुसऱ्या कशात नाही: ते तासता येतं. चीकपीस (गाल टेकतो तो भाग) टोचत असेल, ग्रिप हाताला जाड होत असेल तर बारीक कानस आणि एक संध्याकाळ पुरते. विकताना मात्र तासलेल्या स्टॉकची किंमत पडते.

लॅमिनेट

लाकडाचे पातळ पदर रेझिननं दाबून चिकटवलेले. फुगणं खूपच कमी, स्पर्श लाकडाचाच आणि तासण्याची थोडी सोयही. आमच्या मते या भागात सगळ्यात कमी डोकेदुखी याचीच. तोटा वजनाचा: साध्या बीचपेक्षा हा स्टॉक जड असतो. साइटसकट रायफलची मर्यादा ५.५ किलो आहे, त्यामुळे पुढे वजनं लावून तोल साधायला कमी जागा उरते. कोपऱ्याचा टवका उडाला तर तो तसाच ठेवू नका, त्या फटीतून पाणी शिरून पदर सुटतात. बारीक एपॉक्सी भरून घासून घ्या.

अॅल्युमिनियम

वॉल्थर एलजी४०० अल्युटेक, फाइनवेर्कबाऊ ८००, आनश्युट्झ ९०१५ या वर्गातल्या रायफली. ओलाव्यानं काही फुगत नाही. उष्णतेनं वाढतं, पण ७०० मिमी लांबीत २० अंशांच्या फरकाला जेमतेम ०.३ मिमी, आणि तेही लांबीत. बॅरल फोरएंडला न टेकता मोकळं असल्यानं त्याचा नेमावर फारसा परिणाम नाही. खरा फायदा समायोजनाचा. रायझर वर-खाली आणि पुढे-मागे सरकतो, काहींत तिरकाही होतो, त्यामुळे रायफल थोडी कलती धरणाऱ्याला मनगट पिळावं लागत नाही. गोल पोटाच्या लाकडी फोरएंडवर रायफल मुठीत लोळते, सपाट रायझरवर बसते.

हाच फायदा उलटतोही. आठ-दहा ठिकाणी स्क्रू, आणि नवशिक्या रोज एक फिरवतो. महिन्याभरानंतर मूळ जागा कुणालाच आठवत नाही. एकदा बसवलं की प्रत्येक जोडावर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा आणि मापं वहीत लिहा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू सरकला. अॅल्युमिनियमच्या आट्यात स्टीलचा स्क्रू जोरानं आवळला तर आटे जातात आणि दुरुस्ती महागात पडते. घामाचं मीठ त्याच आट्यांत बसून पांढरी भुकटी धरतं. वर्षातून एकदा स्क्रू काढून पुसा. डिसेंबरात सकाळी साताऱ्यात हात गारठतो आणि मे महिन्यात घसरतो. ग्लोव्ह चांगला असेल तर दोन्ही सुटतं.

किमतीत एकाच कंपनीच्या लाकडी मॉडेलपेक्षा अॅल्युमिनियम बरंच वर जातं. कोटेशन घेताना आयात ड्युटी, हवेचे दोन सिलिंडर आणि फिलिंग अॅडॅप्टर धरून घ्या.

कुणी काय घ्यावं

११ ते १४ वर्षांच्या मुलामुलींनी पहिले सहा महिने क्लबचं बीचच वापरावं. उंची वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढत असताना ठरीव मापाचा स्टॉक विकत घेणं म्हणजे पुढच्या वर्षी लहान होणारे बूट घेणं. घ्यायचीच असेल तर सगळीकडून सरकणारी, वापरलेली अॅल्युमिनियम रायफल घ्या, आणि वजन चार किलोच्या आसपास ठेवा. ५.५ ही मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे.

जावळी, महाबळेश्वर, पाटण, शिराळा: साधं बीच टाळा, लॅमिनेट किंवा अॅल्युमिनियम घ्या. घरी रायफल फोमच्या पेटीत बंद ठेवली तर फोमच ओल धरतो. सरावानंतर तासभर उघडी ठेवा, पेटीत पाव किलो सिलिका जेल टाका आणि त्याचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवा. जत, आटपाडी, माण, खटावकडे अक्रोड किंवा लॅमिनेट निभावून जातं, फक्त मार्च-एप्रिलमध्ये बोल्ट तपासा.

पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. त्या प्रकारातल्या रायफलीचा फोरएंड पाहून १० मीटरची रायफल निवडू नका. तिथं नीलिंग (गुडघ्यावर) आणि प्रोनला (पालथं झोपून) पट्टा आणि हँडस्टॉप (हात अडवणारा तुकडा) लागतात, म्हणून खाली लांब रेल असते. १० मीटरला फक्त उभी पोझिशन आणि पट्टा नाही. पुढे ५० मीटरला जायचं असेल तर तो खर्च वेगळाच धरा.

वापरलेली रायफल घेताना स्टॉकसोबत सिलिंडरही बघा. त्यावर तारीख कोरलेली असते, कंपन्या सहसा १० वर्षांची मुदत देतात आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. भरलेला सिलिंडर उन्हातल्या गाडीत ठेवू नका: २५ अंशांना २०० बार असलेला दाब ६५ अंशांना सुमारे २२७ होतो. शेवटी रायझर काढून त्याखालचे आटे टॉर्चनं पाहा. तिथं चमकदार चुरा दिसला तर किंमत पाडून मागा, नाही तर दुसरी रायफल बघा.