ढोल-ताशासाठी ३२-बिट फ्लोट रेकॉर्डर: सात महिन्यांनंतर

गेल्या खेपेच्या विसर्जन मिरवणुकीचा मोबाइलवरचा व्हिडिओ घरी टीव्हीवर लावला, तर ढोलाच्या जागी पत्र्यावर गारा पडल्याचा आवाज. ताशा म्हणजे नुसतं चर्रर्र. आईने विचारलं, "स्पीकर गेला का रे?"

म्हणून जुलैत, पुण्याच्या नदीपात्रात पथकांचे सराव सुरू झाले तेव्हा, ३२-बिट फ्लोटवर रेकॉर्ड करणारा मुठीत मावणारा रेकॉर्डर घेतला. दुकानदार म्हणाला, "लेव्हल लावायचीच नाही. आवाज फाटणं अशक्य." हे अर्धंच खरं निघालं.

खरं असलेलं अर्धं आधी. नेहमीच्या २४-बिट फाइलमध्ये शून्य डीबीच्या (फाइलमधल्या आवाजाची कमाल पातळी) वर काही मावत नाही, जे वर जाईल ते कापलं जातं. ३२-बिट फ्लोटमध्ये वरचे आकडेही फाइलमध्ये टिकतात. पहिल्या सरावाची फाइल उघडली तेव्हा पट्टी (आवाजाचा आलेख) वरपासून खालपर्यंत भरलेली, ऐकायला भयंकर. गेन (आवाजाची पातळी) १५ डीबी खाली ओढला आणि त्या ठोकळ्यातून ताशाची एकेक काडी सुटी झाली. मी तर हरखूनच गेलो.

मग गणपतीत एका स्थिरवादनाला उत्साहाच्या भरात ताशांपुढे हातभर अंतरावर रेकॉर्डर धरून उभा राहिलो. घरी येऊन २० डीबी खाली ओढलं, तरी लाटांचे शेंडे सुरीने कापल्यासारखे सपाटच. पट्टी बुटकी झाली, आवाज फाटलेलाच राहिला. कारण फाटलं होतं ते फाइलमध्ये जाण्याआधीच, माइकपाशी. माझ्या रेकॉर्डरच्या माहितीपत्रकात माइकची कमाल मर्यादा १२० डीबी (हवेतल्या आवाजाचं माप, फाइलमधल्या शून्यापेक्षा वेगळं) दिली आहे (हे मी खरेदीनंतर वाचलं, अर्थात). हातभरावरच्या ताशाचा टोकदार ठोका त्याच्या वर जातो. माइकनेच हात टेकले की पुढे कितीही बिट असोत, उपयोग शून्य.

त्यामुळे आता सगळा भर उभं कुठे राहायचं यावर. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डीबी उतरतो, म्हणजे अर्ध्या मीटरवरून दोन मीटरवर सरकलो तरी १२ डीबी सुटतात. लक्ष्मी रोडवर दोन्ही बाजूंच्या इमारती आवाज परत फेकतात, तिथे एवढी सूट मिळत नाही. मला सगळ्यात गोड रेकॉर्डिंग मिळालं ते ताशांपासून सात-आठ मीटर बाजूला, ढोलांच्या रांगेच्या टोकाकडे. तिथे ढोलाचा घुमारा येतो आणि ताशा कानात घुसत नाही.

एकदा आळस केला. नंतर जुळवाजुळव नको म्हणून रेकॉर्डरच्या हेडफोन सॉकेटमधून वायर थेट कॅमेऱ्याच्या माइक सॉकेटला लावली. व्हिडिओत आवाज फाटला, कारण माइकच्या नाजूक सिग्नलसाठी असलेल्या सॉकेटमध्ये मी भलताच जोरदार सिग्नल ढकलला होता. वर कॅमेऱ्याची ऑटो लेव्हल चालूच. रेकॉर्डरमधल्या कार्डावरची फाइल मात्र शाबूत होती, तिच्यावरच निभावलं.

तेव्हापासून दोन्ही वेगवेगळंच. सुरुवातीला एका वादकाला कॅमेऱ्यासमोर दोन टिपरू एकमेकांवर आपटायला सांगतो. इथे एक गंमत आहे. कॅमेरा १७ मीटर मागे असेल तर त्याच्यापर्यंत आवाज पोचायला सुमारे ५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमहून जास्त. वादकाजवळच्या रेकॉर्डरची फाइल कॅमेऱ्याच्या आवाजाशी जुळवली, तर हात आधी पडतो आणि ठोका मागून येतो. म्हणून मी चित्राशी जुळवतो, टिपरू भिडलेली फ्रेम शोधून.

तक्रारी आहेतच. हातात धरला की बोटांची खसखस येते. छोट्या ट्रायपॉडशिवाय काढू नये. फोमची टोपी सोबत मिळाली नाही, आणि गुलालात उघडा माइक नेणं म्हणजे पैसे पाण्यात. अजून एक, कच्ची फाइल कुणाला पाठवू नका. मी पथकाच्या ग्रुपवर टाकली आणि पाच मिनिटांत "दादा, फाटलंय" असे सात मेसेज आले. गेन खाली आणून, शेंडे शून्याच्या डीबीभर खाली ठेवून, मगच एक्सपोर्ट करायची.

१९ फेब्रुवारीच्या शिवजयंती मिरवणुकीसाठी कोपऱ्यावरच्या पहिल्या मजल्याची गॅलरी सांगून ठेवली आहे. घरमालक तयार आहेत. अट एकच, त्यांच्या नातवाचा ताशा मधूनमधून ऐकू आला पाहिजे.